टाके पोटावर, टाके खाली: सिझेरियन आणि नॉर्मल बाळंतपणानंतर शरीर कसे भरून येते

बाळ झाल्याचा फोन आला की 'मुलगा की मुलगी' याच्या पाठोपाठ विचारला जाणारा प्रश्न 'नॉर्मल की सिझर' हाच असतो, आणि त्याच्या उत्तरावरून त्या बाईने पुढचे दोन महिने किती पडून राहायचे, काय खायचे आणि कितव्या दिवशी स्वयंपाकघरात शिरायचे हे घरातली मंडळी मनातल्या मनात ठरवून टाकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) भारतातील 21.5 टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याची नोंद आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण 25.4 टक्के, गोव्यात 39.5 टक्के, तर देशभरातील खासगी रुग्णालयांत 47.4 टक्के आहे. महाराष्ट्रातल्या दर चार बाळंतिणींमध्ये एकीच्या पोटावर टाके असतात, तरीही बरे होण्याविषयीची आपली समजूत अजून दोन वाक्यांवर अडलेली आहे: 'नॉर्मल झाली, चार दिवसांत उठेल' आणि 'सिझर झाले, कळांतून सुटली'. ही दोन्ही वाक्ये बाईला महागात पडतात, कारण पहिल्यामुळे तिची न दिसणारी जखम नाकारली जाते आणि दुसऱ्यामुळे पोटाची मोठी शस्त्रक्रिया ही सोयीची पळवाट ठरते.

तुलना करण्याआधी दोघींच्या शरीरात सारखेच काय घडते ते पाहणे बरे, कारण तो भाग मोठा आहे आणि नेमका तोच विसरला जातो. बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भाशय साधारण एक किलो वजनाचे असते आणि त्याचा वरचा काठ बेंबीच्या आसपास हाताला लागतो. तेथून ते रोज साधारण एक बोट खाली सरकत जाते, दहा ते चौदा दिवसांत ओटीपोटात शिरून बाहेरून लागेनासे होते, आणि सहा आठवड्यांत पुन्हा साधारण साठ ग्रॅमचे होते. वार जेथे चिकटलेली होती तेथे आत एक उघडी जखम राहते, आणि ती भरून येईपर्यंत अंगावरून जात राहते: पहिले तीन-चार दिवस लाल, नंतर दहाव्या दिवसापर्यंत गुलाबी-तपकिरी, आणि पुढे चार ते सहा आठवड्यांपर्यंत पिवळसर-पांढरे. सिझेरियनमध्ये डॉक्टर गर्भाशय आतून पुसून घेतात म्हणून हा स्राव थोडा कमी असू शकतो, पण तो होतोच. 'पोटातून बाळ काढले, मग खालून रक्त का जाते' असे विचारणाऱ्या बायका प्रत्येक प्रसूती कक्षात भेटतात, आणि त्यांना हे आधी कोणी सांगितलेले नसते. बाळाला पाजताना ओटीपोटात येणाऱ्या कळाही दोघींना येतात, दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात अधिक जोराने येतात, आणि गर्भाशय आकसत असल्याची ती खूण असते. संप्रेरकांची अचानक झालेली घसरण, रात्री घामाने भिजणे, तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण येणारे रडू, दोन-तीन महिन्यांनी मूठभर गळणारे केस, यांतले काहीही बाळ कोणत्या वाटेने आले हे पाहून होत नाही. आपल्याकडचा 'सव्वा महिना' आणि वैद्यकशास्त्रातले सहा आठवडे हे जवळजवळ एकच माप आहे, आणि ते दोघींनाही लागू आहे.

फरक पडतो तो यावर चढणाऱ्या दुसऱ्या जखमेमुळे, आणि ती कोठे आहे, किती खोल आहे व कशी झाली यावर बाकीचे सारे ठरते.

योनिमार्गे झालेल्या बाळंतपणाला आपण 'नॉर्मल' म्हणतो, पण पहिलटकरणींपैकी बहुसंख्य बायकांना खाली थोडीफार इजा होतेच. या इजेच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत फक्त कातडी फाटते, दुसरीत योनी आणि गुदद्वार यांच्यामधले स्नायूही फाटतात, तिसरीत गुदद्वार आवळून धरणारा गोल स्नायू जखमी होतो, आणि चौथीत फाट थेट गुदाशयाच्या अस्तरापर्यंत जाते. तिसरी-चौथी पायरी क्वचित गाठली जाते. ब्रिटनमधील आकड्यांनुसार पहिलटकरणींमध्ये शंभरात सुमारे सहा जणींना ती इजा होते. डॉक्टरांनी मुद्दाम दिलेला तिरका छेद, ज्याला एपिसिओटॉमी म्हणतात, तो साधारण दुसऱ्या पायरीच्या फाटण्याइतका खोल असतो. एकही टाका न पडलेली बाई दुसऱ्या दिवशी खरोखरच घरभर फिरू शकते, पण तिसऱ्या पायरीची इजा झालेल्या बाईला बसणे, हसणे आणि वायू रोखून धरणे यांतले प्रत्येक काम अनेक आठवडे कठीण जाते, आणि तरीही दोघींच्या कागदावर 'नॉर्मल' हाच एक शब्द असतो.

खालचे टाके विरघळणारे असतात, ते काढावे लागत नाहीत आणि काही आठवड्यांत आपोआप नाहीसे होतात. पहिले एक-दोन दिवस सूज सर्वांत जास्त असते, आणि तेव्हा कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा-थोडा वेळ लावल्याने आराम पडतो (बाळंतिणीजवळ बर्फ नेला तर आजीचा चेहरा कसा होईल याची कल्पना आहे, पण बर्फ लावायचा तो सुजेला). त्यानंतर दिवसातून दोन-तीन वेळा कोमट पाण्याच्या टबात बसणे, लघवी करताना वरून पाणी ओतत राहणे म्हणजे आग होत नाही, आणि पुसताना हात नेहमी पुढून मागे नेणे, एवढ्यावर बहुतेक टाके दोन-तीन आठवड्यांत बसण्याजोगे होतात. पहिल्यांदा शौचाला जाण्याची भीती मात्र टाक्यांपेक्षा मोठी असते. टाके तुटतील या धास्तीने बाई दोन-तीन दिवस जात नाही, मळ कडक होतो आणि मग जोर द्यावा लागतो. भरपूर पाणी, पालेभाज्या आणि डॉक्टरांनी दिलेले मळ मऊ करणारे औषध यांनी हा फेरा टळतो. नीट घातलेले टाके शौचाच्या जोराने सहसा तुटत नाहीत.

सिझेरियनमध्ये पोटाची कातडी, चरबी, स्नायूंवरचे मजबूत पांढरे आवरण, पोटाचे आतले अस्तर आणि शेवटी गर्भाशयाची भिंत असे एकामागून एक थर उघडले जातात. पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, बाजूला सारतात. हल्ली बहुतेक ठिकाणी जघनाच्या हाडाच्या थोडा वर आडवा छेद घेतात, जो 1900 साली वर्णन करणाऱ्या जर्मन डॉक्टर फॅनेनस्टिल यांच्या नावाने ओळखला जातो. तो उभ्या छेदापेक्षा कमी दुखतो, चांगला भरतो आणि नंतर तेथे हर्निया होण्याची शक्यताही कमी असते. बाहेरची कातडी आठवड्या-दहा दिवसांत जुळते आणि टाके काढले, की घरच्यांच्या दृष्टीने बाई बरी होते. खरे ओझे पेलणारे आतले पांढरे आवरण मात्र सहा आठवड्यांनंतरही आपल्या मूळ ताकदीच्या साधारण निम्म्यावरच आलेले असते. 'बाळापेक्षा जड काही उचलू नका' हा सल्ला कातडीसाठी नसून या आवरणासाठी आहे, आणि पाण्याने भरलेली बादली किंवा गॅसचा सिलिंडर त्या सल्ल्यात बसत नाही.

शस्त्रक्रियेनंतरचा पहिला दिवस हा बऱ्याच अंशी भुलीचा दिवस असतो. मणक्यात दिलेल्या इंजेक्शनने पाय दोन ते चार तास जड राहतात, अंगाला खाज सुटते, थंडी वाजून कापरे भरते, आणि लघवीची नळी बसवलेली असते. या इंजेक्शनमुळे जन्मभराची कंबरदुखी लागते ही समजूत महाराष्ट्रात घरोघर आहे, पण तिला पुरावा नाही. सुई टोचलेली जागा काही दिवस दुखते, आणि पुढची कंबरदुखी ही गर्भारपणात सैल झालेले सांधे, ढिले पडलेले पोट आणि वाकून बाळाला पाजण्याची सवय यांची असते, म्हणूनच ती नॉर्मल झालेल्या बायकांनाही होते. शंभरात एखादीला होणारी डोकेदुखी मात्र खरोखर त्या सुईची असते. उठून बसले की डोके फुटेल असे वाटते आणि आडवे झाले की ते थांबते, एवढ्यावरून ती ओळखता येते, आणि तिच्यावर उपचार आहेत.

पूर्वी सिझेरियननंतर गुदद्वारावाटे वायू सरेपर्यंत पाण्याचा थेंबही देत नसत. आता गुंतागुंत नसेल तर काही तासांतच पाणी आणि मग हलके अन्न देणे योग्य मानतात, आणि आतडी लवकर कामाला लागावीत म्हणून च्युइंगगम चघळायला देण्याचा उपायही अनेक चाचण्यांत उपयोगी ठरला आहे. अडकलेल्या वायूचे दुखणे कधी कधी टाक्यांपेक्षा जास्त असते आणि थेट खांद्यापर्यंत जाणवते, त्यामुळे हृदयाचे काही झाले की काय अशी शंका येते. या सगळ्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे भूल उतरल्यावर, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणाचा तरी हात धरून उठणे आणि खोलीतल्या खोलीत चालणे. त्याने आतडी हलतात आणि पायांतल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका घटतो. हा धोका सर्वच बाळंतिणींना असतो आणि सिझेरियननंतर आणखी वाढतो. उठताना सरळ कंबरेतून न उठता आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या आधाराने बसावे. खोकताना, शिंकताना किंवा हसताना टाक्यांवर उशी दाबून धरावी. छेदाच्या आसपासची कातडी बधिर लागणे किंवा तेथे मुंग्या येणे काही महिने टिकते, कारण कातडीतले बारीक मज्जातंतू कापले गेलेले असतात आणि ते सावकाश वाढतात.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही औषधे नेहमीच्या मात्रेत अंगावर पाजणाऱ्या आईला चालतात. बाळाला बाधेल म्हणून गोळी न घेता दात-ओठ खात बसणारी बाई उठत नाही, चालत नाही, नीट पाजू शकत नाही, आणि त्यामुळे तिचे बरे होणेच लांबते.

सरळ तुलना करायची तर गुंतागुंत नसलेल्या नॉर्मल बाळंतपणानंतर बाई एक-दोन दिवसांत घरी जाते आणि दोन-तीन आठवड्यांत बऱ्यापैकी हिंडू-फिरू लागते, तर सिझेरियननंतर रुग्णालयात तीन ते पाच दिवस आणि घरी सहा ते आठ आठवडे धरावे लागतात. सरकारी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातही, जो 2011 मध्ये सुरू झाला, मोफत आहार नॉर्मलसाठी तीन दिवस आणि सिझेरियनसाठी सात दिवसांपर्यंत ठरवलेला आहे. सरासरी पाहिली तर योनिमार्गे झालेल्या बाळंतपणात रक्त कमी जाते आणि जंतुसंसर्गही कमी होतो, यात वाद नाही. पण सरासरीच्या आड दडलेल्या दोन बायका मला अधिक महत्त्वाच्या वाटतात. पहिलीने अठरा-वीस तास कळा दिल्या, जोर दिला, बाळ अडकले आणि मध्यरात्री धावपळ करून तिचे सिझेरियन झाले. तिच्या वाट्याला दमलेले शरीर, सुजलेले खालचे अंग आणि वर पोटाचा छेद असे सारेच आले आहे. दुसरीचे बाळ चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून ओढावे लागले आणि खाली खोल फाटले. ठरवून सकाळी सिझेरियन झालेली शेजारच्या खाटेवरची बाई कदाचित हिच्याआधी मांडी घालून बसेल. म्हणून 'नॉर्मल की सिझर' एवढ्यावर न थांबता कळा किती वेळ दिल्या, टाके किती आणि कोठे पडले, रक्त किती गेले आणि हिमोग्लोबिन किती आहे, हे विचारले तर विश्रांतीचा अंदाज जास्त खरा येतो. हिमोग्लोबिनचा प्रश्न आपल्याकडे विशेष मोठा आहे. बाळंतपणानंतर 180 दिवस लोहाची गोळी घ्यायची असते, पण बाळ हाती आले की तिची आठवण कोणालाच राहत नाही.

दुधाचा प्रश्नही याच वळणावर येतो. वार सुटल्यावर संप्रेरकांचा जो बदल होतो त्यानेच दूध उतरते, त्यामुळे सिझेरियन झालेल्या बाईला दूध येत नाही ही समजूत चुकीची आहे. पहिल्या तासात बाळ छातीशी देणे शस्त्रक्रियेच्या गडबडीत राहून जाते, आई पडून असते, कोणीतरी बाळाला वरचे दूध पाजते, आणि मग चोखणे कमी पडल्यामुळे दूध उशिरा उतरते. मणक्यातली भूल असेल तर बाई जागीच असते आणि मदत मिळाली तर शस्त्रक्रियेच्या टेबलावरही बाळाला छातीवर ठेवता येते. पुढे पोटावर भार नको म्हणून कुशीवर झोपून पाजावे किंवा बाळाला काखेखाली धरून त्याचे पाय पाठीकडे ठेवावेत. पहिले दोन-तीन दिवस जो घट्ट पिवळसर चीक येतो तो थोडाच असतो, आणि बाळाच्या इवल्याशा पोटाला तेवढा पुरतो.

आता घरातल्या रीतींकडे. डिंकाचे आणि मेथीचे लाडू, आळिवाची खीर, बाजरीची भाकरी यांत उष्मांक, लोह आणि चोथा चांगला असतो. दोन्ही प्रकारच्या बाळंतिणींनी ते खावेत, फक्त तूप-साखरेचा मारा मधुमेह झालेल्या बाईवर करू नये. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत मात्र सोडून द्यावी, कारण तिच्यामुळे बद्धकोष्ठता होते, लघवीला जळजळ होते आणि खालचे टाके असोत वा वरचे, दोन्ही दुखतात. खाटेखाली शेगडी ठेवून दिलेला शेक आणि शेपा-ओव्याची धुरी हा मराठी बाळंतपणाचा मोठा सोहळा असतो, पण ताज्या टाक्यांना थेट शेक लागला तर भाजते, बधिर कातडीला तर भाजल्याचे कळतही नाही, आणि बंद खोलीतला धूर तान्ह्या बाळाच्या फुप्फुसात जातो. तेलाची मालीश हातापायांना आणि पाठीला खुशाल करावी, टाक्यांवर करू नये. पोटावर पट्टा बांधल्याने सिझेरियननंतर उठताना-चालताना आधार वाटतो आणि वेदना कमी होतात. गर्भाशय त्याने लवकर आकसत नाही आणि 'पोटात वारे शिरते' असेही काही घडत नाही. नॉर्मल झालेल्या बाईने पट्टा फार घट्ट आवळला तर खालच्या सैल झालेल्या स्नायूंवर वरून दाब येतो, आणि तो नको असतो.

याच स्नायूंवरून दूरच्या परिणामांचा हिशेब सुरू होतो. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे ताणलेले हे स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तोलून धरतात. योनिमार्गे बाळंतपणात ते कितीतरी पट ताणले जातात, म्हणून खोकताना लघवी सुटणे आणि पुढे वयात अंग बाहेर येणे यांचे प्रमाण योनिमार्गे बाळंतपण झालेल्या बायकांत अधिक आढळते. सिझेरियनने हा धोका कमी होतो, पण जात नाही, कारण नऊ महिने वाढत्या गर्भाचे वजन याच झोळीने पेललेले असते. पायाळू बाळांच्या बाबतीत ठरवून सिझेरियन करावे की योनिमार्गे प्रयत्न करावा याची अनेक देशांत मिळून झालेली एक मोठी चाचणी 2000 साली प्रसिद्ध झाली; तिच्यातील बायकांना तीन महिन्यांनी विचारले तेव्हा सिझेरियनच्या गटात लघवी सुटण्याची तक्रार कमी होती, दोन वर्षांनी विचारले तेव्हा दोन गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. त्यामुळे लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळून काही सेकंद धरणे आणि सोडणे, असे आठ वेळा आणि दिवसातून तीनदा, हा व्यायाम दोघींनीही करायचा आहे. टाके असले तरी तो पहिल्या काही दिवसांत सुरू करता येतो. फक्त लघवीची नळी निघेपर्यंत थांबावे. शरीरसंबंधांविषयी घरात कोणी बोलत नाही, म्हणून एवढेच नोंदवतो की अंगावर पाजणाऱ्या बाईला संप्रेरकांमुळे योनीत कोरडेपणा येतो, तो सिझेरियन झालेल्या बाईलाही येतो, आणि रक्तस्राव थांबून जखम भरल्याशिवाय घाई करू नये.

काही लक्षणे दिसल्यास मात्र सव्वा महिन्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतके रक्त किंवा मोठ्या गाठी, घाण वास येणारा स्राव, टाक्यांतून पू किंवा पाणी येणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, धाप लागणे, डोळ्यांपुढे काजवे चमकून डोके दुखणे, फिट येणे. शेवटची दोन लक्षणे वाढलेल्या रक्तदाबाची असू शकतात, आणि गर्भारपणात रक्तदाब नीट होता म्हणून ती सोडून देऊ नयेत. अशा वेळी 108 वर रुग्णवाहिका बोलावता येते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकणारी उदासी, बाळाजवळ जाऊ नये असे वाटणे किंवा जीव नकोसा होणे हेही याच यादीत बसते. घाईत सिझेरियन करावे लागलेल्या किंवा फार अवघड बाळंतपणातून गेलेल्या बायकांनी त्या रात्रीविषयी बोलायचे टाळले, तरी घरच्यांनी लक्ष ठेवावे.

कामावर परतण्याच्या बाबतीत कायदा या दोन प्रकारांत भेद करत नाही: 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 मध्ये झालेल्या दुरुस्तीने आलेली, आणि आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम असलेली, पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि बाळंतपणातून उद्भवलेल्या आजारासाठी प्रमाणपत्र देऊन आणखी एक महिन्यापर्यंत ती वाढू शकते. सिझेरियननंतर स्कूटर कधी चालवावी, तर अचानक ब्रेक दाबताना पोटात दुखत नसेल आणि गाडी स्टँडवर चढवता येत असेल तेव्हा; बहुतेकींना त्यासाठी सहा आठवडे लागतात.

पुढच्या बाळाचा विचार असेल तर गर्भाशयावरच्या व्रणाला वेळ द्यावा लागतो. दोन बाळंतपणांत अठरा महिन्यांहून कमी अंतर राहिले तर व्रण उसवण्याचा धोका वाढतो, आणि जागतिक आरोग्य संघटना तर कोणत्याही बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्यापूर्वी किमान 24 महिने जाऊ द्यावेत असे सांगते. सिझेरियन जितक्या वेळा होईल तितका पुढच्या खेपेस वार खाली असण्याचा आणि व्रणात खोल रुतण्याचा धोका चढत जातो. एकदा सिझेरियन झाले म्हणून पुढच्या वेळीही तेच व्हावे लागते असे नाही: योग्य निवड करून योनिमार्गे प्रयत्न केलेल्या शंभर बायकांपैकी साधारण 72 ते 75 जणींना यश येते, आणि व्रण उसवण्याची घटना सुमारे दोनशेत एक इतकी असते, म्हणून असा प्रयत्न तातडीने शस्त्रक्रिया होऊ शकेल अशाच ठिकाणी करतात. हा निर्णय घेताना गर्भाशयावरचा छेद आडवा आणि खालच्या भागात होता की उभा, हे डॉक्टरांना माहीत असावे लागते, आणि पोटावरच्या कातडीचा आडवा व्रण पाहून ते सांगता येत नाही. ते फक्त शस्त्रक्रियेच्या नोंदीत लिहिलेले असते, तेव्हा डिस्चार्ज कार्डासोबत त्या नोंदीची प्रत मागून घ्यावी आणि बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर जपून ठेवावी.